शोधपेटीने काय ऐकले: माकडताप आणि पबमेड

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसच्या शोधपेटीत ‘मंकी फीव्हर’ हे दोन शब्द अवतरणचिन्हांविना टाकून एंटर दाबले, तर समोर येणारा निकालांचा आकडा पाहून छाती दडपते. पहिल्या पानावर सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यातील माकडतापाचे काही लेख दिसतात खरे, परंतु त्यांच्या मागोमाग पिवळ्या तापाचे, डेंग्यूचे आणि ज्यांचा माकडांशी काडीचाही संबंध नाही अशा रुग्णांच्या तापाचे लेख येत राहतात. शोधपेटीने आपले शब्द जसेच्या तसे घेतलेले नसतात, हे त्याचे कारण आहे. ‘मंकी’ हा शब्द पबमेडच्या अधिकृत शब्दसूचीत ‘हॅप्लोऱ्हिनी’ या प्राणिगटाचा पर्यायी शब्द म्हणून नोंदलेला आहे. त्या गटाच्या वृक्षात माकडे, वानर, गोरिला आणि चिंपांझी यांच्या जोडीला एका फांदीवर माणूसही बसलेला आहे, आणि सूचीतले एखादे शीर्षक शोधले की त्याच्या खालच्या सर्व फांद्याही पबमेड आपोआप शोधते. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नाही. मात्र आपण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माकडतापाविषयी विचारलेले असते, आणि यंत्राने माकडांना व माणसांना येणाऱ्या हरतऱ्हेच्या तापांविषयी ऐकलेले असते. वैद्यकीय डेटाबेस वापरायला शिकणे म्हणजे मुख्यतः विचारलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टींतले हे अंतर वाचायला शिकणे, असे माझे मत झाले आहे.

मी फोंड्यात औषधांचे दुकान चालवते. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली त्या काळात आमच्या अभ्यासक्रमात संशोधनसाहित्य शोधण्याचा भाग नव्हता. औषधाविषयी शंका आली तर जाड संदर्भग्रंथ उघडायचा किंवा कंपनीच्या प्रतिनिधीला विचारायचे, एवढीच आमची धाव होती. पुढे वाळपईकडच्या काही काजू बागायतदारांनी माकडतापावर मराठीत एक पत्रक लिहून देण्याची विनंती केली. काजूचा हंगाम आणि गोचिडींमुळे पसरणाऱ्या या रोगाचा हंगाम जवळजवळ एकाच वेळी येतो. पावसाळा सरल्यानंतर गोचिडींची पिल्ले पालापाचोळ्यात वाढतात आणि मे महिन्यापर्यंत धोका राहतो. नेमक्या त्याच दिवसांत माणसे बोंडे गोळा करायला त्या पाचोळ्यात वाकलेली असतात. रोगाचा विषाणू प्रथम १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली तेव्हा सापडला, म्हणून शास्त्रीय साहित्यात त्याचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज असे आहे. गोव्यात २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली गावात तो माणसांमध्ये आढळला. एवढी माहिती वर्तमानपत्रांमुळे सर्वांनाच होती. बागायतदारांचे प्रश्न त्यापलीकडचे होते: अंगाला लावायच्या तेलाने गोचीड खरोखर दूर राहते का, लस घ्यावी का, आणि घेतली तर तिचा उपयोग किती? दुकानाच्या काउंटरवर उभे राहून ‘असे म्हणतात’ एवढे उत्तर देता येते. छापील पत्रकात ते देता येत नाही.

पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे संकेतस्थळ आहे आणि त्यात ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. नोंद म्हणजे लेखाचे शीर्षक, लेखक, नियतकालिक आणि बहुधा सारांश. लेखाचा पूर्ण मजकूर तेथे नसतो, तो जिथे असेल तिथला दुवा असतो. अशा सूचीची परंपरा १८७९ पासूनची. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी त्या वर्षी ‘इंडेक्स मेडिकस’ ही जगभरच्या वैद्यकीय लेखांची छापील सूची सुरू केली. १९६० च्या दशकात तिचे काम संगणकावर गेले, १९७१ मध्ये मेडलाइन ही ऑनलाइन सेवा आली, आणि १९९७ पासून पबमेड सर्वांना विनामूल्य खुले झाले. त्यापूर्वी अशा शोधासाठी प्रशिक्षित ग्रंथपालाकडे जावे लागे आणि त्याचे पैसे पडत. आज फोंड्यातील औषधविक्रेतीला आणि बोस्टनमधील प्राध्यापकाला तीच शोधपेटी मिळते, हे मला अजूनही थोडे अविश्वसनीय वाटते. गोव्याच्या दृष्टीने एक मर्यादा मात्र येथेच सांगायला हवी. पणजीची एस्कोला मेडिको-सिरुर्जिका ही वैद्यकीय शाळा १८४२ मध्ये स्थापन झाली आणि शतकाहून अधिक काळ तिचे अध्यापन पोर्तुगीजमध्ये चालले. त्या काळातील गोमंतकीय डॉक्टरांचे बरेचसे लेखन या डेटाबेसच्या कक्षेबाहेर आहे. ते हवे असेल तर पाट्टोवरील कृष्णदास शामा ग्रंथालयाच्या जुन्या पोर्तुगीज संग्रहाकडेच वळावे लागते.

मला पहिले धडे माझ्या भाचीने दिले. ती बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात समुदाय वैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेते. तिने निकालांकडे पाहिलेही नाही, प्रगत शोधाचे पान उघडले, शोधाच्या इतिहासात ‘तपशील’ असे लिहिलेला बाण दाबला आणि म्हणाली, “मावशी, लेख नंतर वाच, आधी हे वाच.” तेथे माझ्या दोन शब्दांचे पबमेडने केलेले भाषांतर चार ओळींत पसरलेले होते, आणि वर सांगितलेली हॅप्लोऱ्हिनीची हकिकत मला त्या चार ओळींतूनच कळली. या प्रक्रियेला स्वयंचलित शब्दजुळणी म्हणतात. आपण कोणत्याही खुणेविना शब्द टाकला की पबमेड प्रथम तो विषयांच्या सूचीत शोधते, मग नियतकालिकांच्या नावांत, मग लेखकांच्या नावांत. आणि जे जुळेल ते आपल्या शब्दाला जोडून देते. बहुतेक वेळा हा उपकारच असतो. ‘पॅरासिटामोल’ टाकले तर अमेरिकेत त्याच औषधाला म्हणतात ते ‘असिटामिनोफेन’ आपोआप शोधले जाते, आणि ब्रिटिश स्पेलिंगने ‘अॅनिमिया’ लिहिले तरी अमेरिकन स्पेलिंगचे लेख सुटत नाहीत. औषधांच्या दुकानातली व्यवस्था अशीच असते: गिऱ्हाईक ब्रँडचे नाव सांगते आणि आम्ही मनात मूळ औषधाचे नाव आणून खणाकडे वळतो. मात्र गिऱ्हाइकाचा उच्चार नीट कळला नाही तर आम्ही पुन्हा विचारतो. पबमेड विचारत नाही, ते अर्थ ठरवून मोकळे होते. म्हणून प्रत्येक शोधानंतर तपशिलाचा तो बाण दाबणे ही सवय मी पहिल्या क्रमांकावर ठेवते.

विषयांच्या या अधिकृत सूचीला मेश म्हणतात. ती १९६० पासून चालत आली आहे आणि तिच्यात सुमारे तीस हजार शीर्षके आहेत. लेखकाने लेखात कोणताही शब्द वापरलेला असो, पबमेडचा मूळ गाभा असलेल्या मेडलाइनमध्ये त्या लेखाला ठरलेली शीर्षके लावली जातात. त्यामुळे एका डॉक्टराने ‘मंकी फीव्हर’ लिहिले, दुसऱ्याने पूर्ण शास्त्रीय नाव लिहिले आणि तिसऱ्याने केवळ के. एफ. डी. अशी आद्याक्षरे वापरली, तरी तिघांचे लेख एकाच शीर्षकाखाली येतात. आपल्या माकडतापाला सूचीत स्वतःचे शीर्षक आहे आणि ते विषाणुजन्य रक्तस्रावी तापांच्या फांदीवर आहे. ती फांदी वर-खाली चाळून पाहणे हा स्वतंत्र आनंद आहे. शेजारी इबोला, लासा आणि सायबेरियातील ओम्स्कचा ताप बसलेले दिसतात. ओम्स्कचा विषाणू आपल्या विषाणूचा जवळचा नातलग आहे आणि तोही गोचिडीनेच पसरतो, ही गोष्ट मला कोणत्याही पत्रकातून कळली नव्हती.

तरीही केवळ मेशवर विसंबून चालत नाही, आणि ही गोष्ट शिकवणारे लोक फार घाईने सांगून टाकतात असा माझा अनुभव आहे. ताज्या नोंदीला काही काळ शीर्षके लागलेली नसतात, आणि पबमेडमध्ये अशाही असंख्य नोंदी आहेत ज्यांची नियतकालिके मेडलाइनमध्ये नसल्यामुळे त्यांना ती कधीच लागणार नाहीत. भारतातील अनेक लहान नियतकालिकांचे लेख असेच असतात. २०२२ पासून शीर्षके लावण्याचे काम संगणकाच्या पद्धतीने होते, माणूस त्यातील काहीच तपासतो. वेग वाढला, परंतु यंत्राने लावलेले शीर्षक अधूनमधून डोळ्यांत खुपते. यावरचा उपाय जुनाच आहे. मेशचे शीर्षक एका बाजूला, लेखाच्या शीर्षक-सारांशात येऊ शकणारे सर्व प्रचलित शब्द दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यामध्ये ‘ऑर’. दोन निरनिराळ्या कल्पना जोडायच्या असतील तर ‘अँड’. हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचे असतात आणि पबमेड ते डावीकडून उजवीकडे क्रमाने सोडवते, म्हणून ‘ऑर’ने जोडलेला प्रत्येक गट कंसात बंद करणे आवश्यक ठरते. कंस विसरला तर यंत्र तक्रार करत नाही, वेगळे उत्तर देते. याच कारणाने बाजूच्या पट्टीतील ‘मानव’ ही चाळणी मी सहसा लावत नाही: ती मेशच्या शीर्षकावर चालते, त्यामुळे शीर्षके न लागलेले सर्व लेख, म्हणजे नेमके ताजे आणि नेमके आपल्याकडचे, ती निमूटपणे बाजूला काढते. एका टिचकीत निकाल निम्म्यावर आले की बरे वाटते. काय गेले ते मात्र दिसत नाही.

गोव्यापुरते शोधायचे म्हटले तर आणखी एक मजेदार गुंता सामोरा येतो. ‘गोवा’ हा शब्द रोमन लिपीत नुसता टाकला की समुद्री जिवाणू, शेवाळे आणि खारफुटीतल्या बुरशीवरचे लेख धो धो येतात, कारण दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पत्त्यात गोवा असतो आणि पबमेड पत्तेही शोधते. औषधांवरील आढावा लेखांचा एक मोठा ताफाही येतो, कारण त्यांच्या लेखकाचे आडनावच रोमन लिपीत तसे लिहितात. आणि हीच तीन अक्षरे सांधेदुखीच्या साहित्यात सार्वत्रिक अस्थिसंधिवाताचा संक्षेप म्हणूनही वापरली जातात. यावर तोड म्हणजे शब्दाच्या मागे चौकोनी कंसात खूण लावणे. शीर्षक आणि सारांश एवढेच पाहायचे असेल तर एक खूण, लेखकाचा पत्ता पाहायचा असेल तर दुसरी. दोन्ही खुणा कामाच्या आहेत, मात्र वेगळ्या प्रश्नांसाठी. गोव्यातील रोगाविषयी काय लिहिले गेले हा एक प्रश्न. गोव्यात बसून कोण काय लिहीत आहे हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी पत्त्याची खूण लावली तेव्हा पर्वरीच्या ‘संगथ’ या संस्थेचे नैराश्य आणि मद्यासक्तीवरील समुपदेशनाचे प्रयोग समोर आले. त्यांपैकी दोन मोठ्या चाचण्या २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि त्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रुग्णांवर झाल्या होत्या. मी त्या शोधत नव्हते, परंतु अर्धी दुपार त्यांच्यातच गेली.

स्थळनामांच्या बाबतीत शब्दजुळणी फारशी मदत करत नाही. सत्तरी रोमन लिपीत एका ‘टी’नेही लिहितात आणि दोन ‘टीं’नीही, पणजीची दोन रूपे तर सर्वश्रुतच आहेत. सर्व रूपे ‘ऑर’ने जोडावी लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जंगलाला राज्याची सीमा नसते. केवळ गोवा शोधणाऱ्याच्या हाती सत्तरीतील काजू कामगारांविषयी २०१७ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये आलेला लेख लागेल, आणि तो आमच्या पत्रकासाठी फार मोलाचा होता, परंतु सिंधुदुर्गातील २०१६ च्या साथीवरचा लेख त्याच्या जाळ्यातून निसटेल. दोडामार्गच्या बागा आणि सत्तरीच्या बागा यांच्यात ज्या गोचिडी ये-जा करतात त्यांना हा भेद ठाऊक नाही. म्हणून शेवटी मी रोगाचे शीर्षक घेऊन स्थळाची अटच काढून टाकली. या रोगावरचे एकूण साहित्य काही शेकड्यांतच आहे, तेव्हा लेखांची शीर्षके डोळ्यांखालून घालणे दोन संध्याकाळींचे काम होते. प्रत्येक शोध अरुंद करत नेणे म्हणजे चांगला शोध, ही समजूत लहान विषयांना लागू पडत नाही.

तेलाच्या प्रश्नाला उलट दिशेने जावे लागले. वैद्यकीय प्रश्न शोधायोग्य करण्यासाठी तो चार भागांत मोडण्याची एक पद्धत आहे: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता मोजायचा. आमचा प्रश्न असा मोडला: काजूच्या बागेत काम करणारी माणसे, अंगाला लावायचे किंवा कपड्यांना दिलेले गोचीड-प्रतिबंधक, काहीही न लावणे, आणि परिणाम म्हणून ताप येणे किंवा निदान गोचीड चावणे. हा शेवटचा भाग सर्वांत उपयोगी ठरला. कारण प्रयोगशाळेत काचेच्या नळीतील गोचीड तेलापासून दूर पळाली याचा, आणि दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला कमी गोचिडी चावल्या याचा, एकच अर्थ होत नाही. आणि चावे कमी झाले म्हणजे रोगही तेवढाच कमी झाला असे मानता येत नाही. सारांश वाचताना मी प्रथम हेच पाहू लागले, की मोजले काय आहे.

काजू हा शब्द या शोधात ठेवण्यासारखा नव्हता. तो ठेवला की काजूच्या अॅलर्जीचे लेख येतात. माकडतापाची अटही सोडली, आणि गोचिडी, प्रतिबंधके, संरक्षक कपडे व बाहेर काम करणारे कामगार एवढ्यावर शोध उभा केला. तेव्हा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कामगारांवर झालेली एक यादृच्छिक चाचणी मिळाली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली. काहींना परमेथ्रिन हे कीटकनाशक दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने मुरवलेला गणवेश दिला होता, काहींना नाही. पहिल्या वर्षी गोचिडींचे चावे ८२ टक्क्यांनी कमी आढळले, दुसऱ्या वर्षी ३४ टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधली घसरण मला पहिल्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी वाटते, आणि नेमका पहिलाच आकडा जाहिरातीत वापरला जाईल अशी माझी खात्री आहे. गोचिडींची जात वेगळी, हवा वेगळी, कपडे वेगळे. तेव्हा हा निष्कर्ष सत्तरीत जसाच्या तसा उतरेल असे म्हणता येणार नाही. तरी ‘असे म्हणतात’ याच्या तुलनेत पाय टेकायला ही जमीन पुष्कळ घट्ट आहे.

लशीच्या बाबतीत डेटाबेसचा एक वेगळाच स्वभाव लक्षात आला. कर्नाटकात या रोगावरची मारलेल्या विषाणूची लस १९९० च्या सुमारापासून दिली जात होती. १९९४ च्या एका क्षेत्रीय अभ्यासात तिची परिणामकारकता एका मात्रेने ७९.३ टक्के आणि दोन मात्रांनी ९३.५ टक्के दिली आहे. २००५ ते २०१० या काळातील माहितीवर आधारलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मात्रांची परिणामकारकता ६२.४ टक्के, आणि त्यानंतर वर्धक मात्रा घेतलेल्यांमध्ये ८२.९ टक्के निघाली. पबमेड निकाल डीफॉल्टने ‘सर्वोत्तम जुळणी’च्या क्रमाने मांडते, हा क्रम शब्द किती जुळतात, इतर वाचकांनी काय उघडले, अशा गोष्टींवर ठरतो, लेखाची सत्यता त्यात मोजलेली नसते. एखाद्याने वरचा एकच लेख वाचून थांबायचे ठरवले तर लस उत्तम की मध्यम हे केवळ त्या क्रमावर अवलंबून राहील. म्हणून लशीसारख्या विषयात मी क्रम बदलून तारखेनुसार लावते आणि जुन्यापासून नव्यापर्यंत वाचत येते. प्रत्येक महत्त्वाच्या लेखाखाली ‘समान लेख’ आणि ‘याचा उल्लेख करणारे लेख’ असे दोन दुवे असतात. त्यांपैकी दुसरा दुवा हा नंतरच्या काळात त्या लेखाचे काय झाले हे सांगणारा साक्षीदार असतो. लेख मागे घेतलेला असेल तर पबमेड तसे ठळकपणे नोंदवते, आणि ती पट्टी पाहण्याची सवय लावून घ्यावी. करोनाकाळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक गाजलेला लेख जून २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने मागे घेतला होता, त्याआधीच जगभरच्या बातम्यांत तो पोहोचलेला होता.

मात्र कर्नाटकात ही लस २०२२ मध्ये बंद झाली, तिच्या क्षमतेविषयी प्रश्न उपस्थित झाल्यामुळे, ही गोष्ट या दोन लेखांपैकी कोणीच सांगणार नाही, कारण ते त्याच्या कितीतरी आधी लिहिलेले आहेत. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांची नोंद ठेवणे हे डेटाबेसचे काम. आज आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये काय आहे हे आरोग्य केंद्रालाच विचारावे लागते.

सारांशावरून मत बनवू नये हे सर्व सांगतात, आणि पूर्ण लेख मिळत नाही हेही सर्वांना माहीत असते. पबमेड सेंट्रल या जोडसंग्रहात लाखो लेख संपूर्ण व विनामूल्य आहेत. लशीवरचा २०१३ चा लेख मुक्त नियतकालिकात असल्यामुळे मला सहज मिळाला. भाचीला आता केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेचा लाभ होतो. ही योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झाली आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे तेरा हजार नियतकालिके खुली झाली. फोंड्यातील औषधविक्रेती त्या कुंपणाबाहेर आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टरही. ज्यांच्याकडे रुग्ण प्रथम येतो तेच बाहेर राहावेत, हे मला पटत नाही. हे बदलेपर्यंत लेखकाला सरळ ईमेल करून प्रत मागणे हा सभ्य आणि पुष्कळदा यशस्वी होणारा मार्ग आहे. पत्ता बहुधा नोंदीतच दिलेला असतो.

पबमेडपलीकडच्या जागांविषयी थोडक्यात. औषधांविषयीच्या सखोल शोधासाठी एम्बेस हा डेटाबेस अधिक विस्तृत आहे, परंतु त्याला पैसे पडतात. कोक्रेन या संस्थेचे आढावे म्हणजे एका प्रश्नावरच्या सर्व चाचण्या शोधून, तोलून केलेली मांडणी. प्रश्न मोठा आणि जुना असेल तर सुरुवात तिथूनच करावी. माकडतापासारखा प्रादेशिक रोग तेथे सहसा भेटत नाही. गूगल स्कॉलर विस्तृत आहे आणि भारतीय नियतकालिकांसाठी उपयोगीही, परंतु तपशिलाचा तो बाण तिथे नाही. यंत्राने काय ऐकले हे कळण्याची सोयच नसल्यामुळे मी त्याचा उपयोग पबमेडनंतर, सुटलेले लेख वेचण्यापुरता करते. हल्ली संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारून संदर्भ मिळवण्याची टूम आहे. मिळालेला प्रत्येक संदर्भ पबमेडमध्ये शीर्षकाने शोधून पाहावा, आणि नोंद क्रमांक दिला असेल तर तो क्रमांक टाकून पाहावा. क्रमांक खरा असतो आणि लेख भलत्याच विषयाचा निघतो, असेही घडते.

पत्रक तयार झाले ते एका पानाचे. अंगभर कपडे, पाचोळ्यावर बसणे टाळणे, घरी आल्यावर आंघोळ करून अंग तपासणे, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, आणि ताप आल्यास डॉक्टरांना बागेत जाऊन आल्याचे सांगणे, या गोष्टी त्यात निःशंकपणे लिहिता आल्या. तेलाविषयी ‘लावावे, परंतु केवळ त्यावर भिस्त ठेवू नये’ असे लिहिले. एका वयस्क बागायतदारांनी त्यावर “बाय, एवढे शोधून शेवटी हेच?” असे विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मी त्यांना ८२ आणि ३४ हे दोन आकडे सांगितले. मग त्यांनीच सुचवले की कपड्यांना औषध दिले असेल तर ते दर हंगामात नव्याने द्यावे लागेल असे जोडावे. ते वाक्य पत्रकात आहे.

लशीच्या ओळीपुढे मी शोधाची तारीख छापून घेतली आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नव्या लशीचे काम हाती घेतले आहे, त्यामुळे ती ओळ केव्हाही शिळी होऊ शकते. पबमेडमध्ये विनामूल्य खाते उघडून शोध साठवता येतो आणि नवी नोंद आली की ईमेल येतो. माझा शोध तसा साठवलेला आहे. परंतु लशीची माणसांवरील चाचणी लेखाच्या रूपात पबमेडमध्ये पोहोचायला वर्षे जातात, उलट भारतात अशा चाचणीची नोंद ती सुरू होण्यापूर्वीच क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे. त्या नोंदवहीतील शोध मात्र स्वतः जाऊन करावा लागतो, आणि तिथे रोगाचे पूर्ण नाव, आद्याक्षरे आणि ‘मंकी फीव्हर’ ही तिन्ही रूपे वेगवेगळी टाकून पाहावी लागतात.